चार कोपऱ्यांची पकड

न्हावा-शेवाला मी समुद्र नंतर पाहिला, आधी पाहिल्या क्रेन. धक्क्यावरच्या रुळांवर ओळीने उभ्या, लांब हात थेट जहाजावर पसरलेले. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नांदुऱ्याची 105 फुटी हनुमानाची मूर्ती म्हणजे उंचीची हद्द. इथल्या मोठ्या क्रेनची नुसती केबिनच त्याहून वर!

क्रेनला हूक नाहीच. तारांना लटकतो तो स्प्रेडर, कंटेनरच्या मापाची लोखंडी चौकट. ती पेटीच्या माथ्यावर टेकते, चार कोपऱ्यांतल्या लांबट भोकांत चार खुंट्या उतरतात, पाव फेरा घेतात आणि पेटी अडकते. आत कापसाच्या गठाणी आहेत की यंत्रं, याच्याशी क्रेनला कर्तव्य नाही. कोपऱ्यांचं माप जगभर एकच, म्हणून शांघायला भरलेली पेटीही इथे तशीच उचलली जाते.

पण खरा थक्क झालो तो चालकाचं काम पाहून. केबिनची जमीन काचेची. तो पायांमधून खाली बघत असतो. ट्रॉली थांबली की तारांवरचं वीस-पंचवीस टनांचं ओझं झोके घेऊ लागतं. झोका पुढे गेला की तो ट्रॉलीही तेवढीच पुढे नेतो. तारा सरळ होतात, पेटी जागीच स्थिर!

आमच्याच जिल्ह्यातल्या खामगावच्या कापसासाठी 1870 मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला. तेव्हापासून गठाण गाडीत चढवायची, मुंबईला उतरवायची, गोदीत पुन्हा उचलायची. दर ठिकाणी हमालाची पाठ आणि त्याच्या हातातला आकडा. आजच्या एका गठाणीचं वजन 170 किलोच्या आसपास. 1956 मध्ये माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकमालकाने ‘आयडियल एक्स’ जहाजावरून 58 पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या, आणि सुटा माल उचलण्याऐवजी भरलेली पेटीच उचलायची रीत पुढे जगभर पसरली. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं. आता जिनिंगमध्ये भरलेल्या गठाणी थेट परदेशातल्या गिरणीत उघडता येतात. हमालाची पाठ वाचली हे फार चांगलं झालं. पण गोदीतल्या कितीतरी हातांची मजुरीही त्याबरोबर गेली. ती विसरून या क्रेनचं कौतुक करणं मला जमत नाही.

हात अजून पुरते गेलेले नाहीत. जहाजावर रचलेल्या पेट्या एकमेकींना जखडणारी लोखंडी लॉकं माणसंच काढतात. खाली येणारी पेटी धक्क्यावर कमरेइतक्या उंचीवर थांबते. कामगार चारही कोपऱ्यांतून लॉकं सोडवतात, बाजूला होतात, आणि मगच वरचा चालक ती ट्रेलरवर टेकवतो.