सात-आठ किलोचा जोर

दिवाळी जवळ आली की यवतमाळात आर्णी रोडला आणि दारव्हा रोडला गॅरेजांसमोर गाड्या उभ्या राहू लागतात. कुणाला लेकीला आणायला नागपूरला जायचे असते, कुणाला माहूरच्या देवीला. त्यांतल्या कितीतरी गाड्यांची तक्रार सारखीच असते : सकाळी सुरू केली की टकटक आवाज येतो, दोन-चार किलोमीटर गेले की थांबतो. टॅपेट सैल झाले, असे मालकाने घरूनच ठरवलेले असते. मेकॅनिक बॉनेट उघडतो, तेव्हा एक्झॉस्ट मेनिफोल्डच्या टोकाशी काजळीचा काळा पट्टा दिसतो. टॅपेट ठीक असते, स्टड मोडलेला असतो. इंजिन गार असताना सांध्यातल्या फटीतून वायू निसटतो म्हणून आवाज येतो. मेनिफोल्ड तापून पसरला की फट मिटते. हे समजावून सांगितले तरी मालकाचे उत्तर ठरलेले असते : “तुम्ही हात लावायच्या आधी तर गाडी चालत होती.”

गॅरेजमधले एखादे काम सामान्य वाचकाला कळेल असे लिहा, अशी संपादकांची सूचना होती. प्रस्तुत लेखकाने इंजिनाचे मोठे काम सोडून हा बोटाएवढा तुकडा निवडला, तो याच उत्तरामुळे. कधी कधी मेकॅनिकच्या हातूनही स्टड मोडतो हे खरे, पण त्याची मोडण्याची वेळ कित्येक महिने आधीच भरलेली असते.

सिलिंडरमधून निघणारा जळका वायू गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडायचे काम मेनिफोल्ड करतो. पुष्कळ गाड्यांत तो बिडाचा असतो. तो इंजिनाच्या हेडला ज्या पोलादी दांड्यांनी धरलेला असतो, ते स्टड. एका टोकाचे आटे हेडमध्ये, दुसऱ्या टोकावर नट. लहान मोटारींत त्यांची जाडी बहुधा आठ मिलिमीटर. पेट्रोल इंजिन जोरात चालले की हा वायू ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. शेजारचे ॲल्युमिनियमचे हेड मात्र आत पाणी फिरत असल्यामुळे शंभर अंशांच्या आसपास राहते.

आता हिशेब मांडू. चाळीस सेंटिमीटर लांबीचा बिडाचा मेनिफोल्ड ५०० अंशांनी तापला तर साधारण दोन मिलिमीटर लांबतो. तेवढ्याच लांबीचे ॲल्युमिनियमचे हेड ७० अंशांनी तापून वाढते जेमतेम ०.६ मिलिमीटर. उरलेला सुमारे दीड मिलिमीटरचा फरक दोन्ही टोकांना वाटला जातो. मधल्या स्टडला तो जाणवतही नाही, टोकाच्या स्टडला मात्र दर खेपेला पाऊण मिलिमीटरचा आडवा रेटा बसतो. म्हणूनच मेनिफोल्डची भोके मुद्दाम थोडी मोठी ठेवतात. त्यांत गंज आणि काजळी बसली की ती मोकळीक संपते आणि सगळा रेटा स्टड सोसतो.

यवतमाळ जिल्ह्यात त्यात इथल्या वाटांची भर पडते. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. कापसाच्या हंगामात पिकअप ओझ्याने वाकून चढ चढतात. पांढरकवड्याकडून ४४ क्रमांकाच्या महामार्गाने तासभर भरधाव आलेली गाडी पावसाळ्यात गावाच्या वाटेला लागते आणि पहिल्याच नाल्यात उतरते. लालबुंद मेनिफोल्डवर गढूळ पाणी उडते. त्या वेळी काहीच मोडत नाही. गंज तिथून सुरू होतो.

मग एक दिवस मेनिफोल्ड आणि हेड यांच्यामधले पॅकिंग बदलायला म्हणून नट सोडवायला घेतात. तो हलत नाही, म्हणून पान्याला पाइप लावतात. ८.८ दर्जाच्या आठ मिलिमीटरच्या स्टडला आट्यांच्या मुळाशी पीळ सोसवतो तो चाळीस न्यूटन-मीटरच्या आसपास. साठ सेंटिमीटरच्या पाइपाला सात-आठ किलोचा जोर दिला की तेवढा पीळ होतो. एवढा जोर शाळकरी पोरही देते. गंजून बारीक झालेल्या स्टडला त्याहून कमीच पुरतो. म्हणून जाणता मेकॅनिक पाइप लावायच्या आधी तेल सोडतो, इंजिन गरम-गार करतो आणि रात्रभर थांबतो. नट थोडा सुटला की परत थोडा आवळतो, मग पुन्हा सोडवतो. मालकाला वाटते, हा वेळ काढतोय.

अलीकडे मालक स्वतःच डब्ल्यूडी-४० चा डबा आणून देतात. तो १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झाला, तो धातूवरचे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. त्या कामाला तो चांगला आहे. वर्षानुवर्षे भाजून दगड झालेल्या गंजात मात्र एका फवाऱ्याने काही होत नाही.

स्टड हेडच्या आतच मोडला की इझी आऊटचा वाद सुरू होतो. मोडक्या स्टडच्या मधोमध भोक पाडून त्यात निमुळता, उलट्या आट्यांचा कडक पोलादी तुकडा ठोकायचा आणि तो उलटा फिरवायचा, ही इझी आऊटची रीत. प्रस्तुत लेखकाचा तिला विरोध आहे, आणि अनेक मेकॅनिक मित्रांना तो पटत नाही. पण साधा विचार करावा. पूर्ण आठ मिलिमीटर जाडीचा स्टड जो पीळ सोसू शकला नाही, तो त्याच्या पोटातल्या भोकात बसणारा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा कसा सोसेल? शिवाय निमुळता तुकडा आत ठोकला की स्टडची भिंत बाहेर फुगून आट्यांत आणखी घट्ट बसते. आवळताना तुटलेला, गंज न धरलेला स्टड इझी आऊटने सहज येतो. तिथे तो जरूर वापरावा. गंजाने धरलेल्या स्टडमध्ये इझी आऊटच मोडतो, आणि तो इतका कडक असतो की साधे ड्रिल त्यावर नुसते फिरत राहते.

त्याऐवजी मोडक्या तोंडावर नट धरून आतून वेल्डिंग करावे. स्टड लाल होतो, पण भोवतीचा धातू त्याला पसरू देत नाही. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार तिला तापवून पसरवतो आणि गार करून आवळतो. इथे तेच उलट्या बाजूने घडते. दाबला गेलेला स्टड गार होताना किंचित बारीक होतो आणि गंजाची पकड तडकते. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर पोलादाचे वेल्डिंग त्याला धरत नाही, त्यामुळे खोल मोडलेल्या स्टडवरही धातूचा थर चढवता येतो. बिडाच्या हेडला ही सवलत नाही, तिथे फार जपावे लागते. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायची आणि पेट्रोलच्या नळीपाशी ठिणगी जाऊ द्यायची नाही, हे वेगळे सांगायला नको.

तेही जमले नाही तर ड्रिल. ॲल्युमिनियम मऊ, स्टड कडक, म्हणून ड्रिल मऊ बाजूला सरकते आणि भोक तिरके जाते. त्यावर उपाय म्हणून लेथवाल्याकडून मेनिफोल्डच्या भोकात बसेल अशी बुश करून घ्यावी, मेनिफोल्ड शाबूत स्टडवर परत चढवावा आणि त्या बुशमधून ड्रिल घालावे. आधी तीन मिलिमीटर, मग वाढवत ६.८ पर्यंत. मध्य बरोबर साधला असेल तर स्टडचे उरलेले आटे सळईच्या गुंडाळीसारखे सुटून येतात आणि हेडचे आटे जसेच्या तसे राहतात. असे काम बाहेरून कुणाला दिसत नाही, पण ते करणाऱ्या हाताला त्याचा अभिमान वाटावा असेच ते आहे. आटे गेलेच असतील तर भोक मोठे करून हेलिकॉइल बसवतात. स्टेनलेस तारेची ती गुंडाळी ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा जास्त टिकते.

यंदाच्या पावसाळ्यात आलेली एक ओम्नी मात्र अजून डोक्यातून जात नाही. शाळेची मुले ने-आण करणारी गाडी. टोकाचा स्टड आत मोडलेला आणि त्यात दुसरीकडे कुठेतरी घातलेल्या इझी आऊटचा तुकडा. हेड उतरवून स्पार्क इरोजनसाठी नागपूरला पाठवावे लागले. या पद्धतीत तांब्याच्या इलेक्ट्रोडमधून ठिणग्या पाडून धातू कणाकणाने झिजवतात, त्यामुळे तो कितीही कडक असला तरी फरक पडत नाही. १९४३ च्या सुमारास मॉस्कोत बोरिस आणि नतालिया लाझारेंको हे दांपत्य इंजिनाच्या इग्निशनमधले पॉइंट ठिणगीने का झिजतात ते शोधत होते, त्यातून हे तंत्र निघाले. त्याच काळात अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या ओतकामात मोडलेले टॅप आणि ड्रिल काढण्यासाठी तसेच यंत्र बनले.

हेड दुरुस्त होऊन आले, गाडी चालू लागली. पण ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. मेनिफोल्डमधून निसटणाऱ्या वायूत विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही आणि वासही नाही. त्या गाडीच्या हेडवर काजळीचा थर जाड होता. गळती कधीपासून होती आणि तिच्यावर बसून मुले किती महिने शाळेत गेली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

स्टड काही रुपयांना मिळतो, म्हणून बिलात मजुरीचे तास लिहिले की मालक भांडतो. त्याला घाई असते, मग मेकॅनिकही घाई करतो आणि पाइप लावतो. कंपनीचा तांब्याचा मुलामा दिलेला नट टाकून हार्डवेअरच्या दुकानातला साधा नट बसवणे हाही त्या घाईचाच भाग. नवा स्टड बसवताना आट्यांना तांब्याची किंवा निकेलची पेस्ट लावावी, ग्रीस नको, ते जळून जाते. नट कंपनीने सांगितलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळावा.

आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या मुलांना ड्रिल आणि टॅप शिकवतात. पण बाकावर आवळलेल्या स्वच्छ पट्टीवरचा सराव वेगळा आणि गाडीत वाकून, आरशात बघत, गंजलेल्या स्टडवर केलेले काम वेगळे. भंगाराच्या दुकानांत मोडक्या स्टडसकट जुनी हेड वजनावर मिळतात. प्रत्येक आयटीआयने अशी तीन-चार हेड आणून ठेवावीत, ती गाडीत असतात त्याच उंचीवर आणि त्याच कोनात बसवावीत आणि परीक्षेआधी प्रत्येक मुलाकडून एक तरी गंजलेला स्टड आटे शाबूत ठेवून काढून घ्यावा.