पांदणीवरची गाडी

मागचे तीन शनिवार इथे काहीच लिहिलं नाही. एका वाचकाने मेल करून काळजीने विचारलं, की रिलीजमध्ये अडकलास का. नाही हो, रिलीज वेळेवर झाला (चक्क!). मी सेकंडहँड गाडी शोधत फिरत होतो.

सुरुवात एटीव्हीपासून झाली. गोव्यातल्या एका रिसॉर्टमध्ये टीमबरोबर गेलो होतो, तिथे ती चार जाड टायरांची गाडी दोन चकरांपुरती मिळाली. डोक्यात असं भिनलं की नागपूरला परत येईपर्यंत मी मनातल्या मनात ती विकतसुद्धा घेतली होती. मग शांतपणे चौकशी केली. ही गाडी आपल्याकडे खाजगी वापरासाठी रस्त्यावर चालवायला सहसा पासच होत नाही. म्हणजे ट्रेलपर्यंत न्यायला टेम्पो हवा आणि घरी ठेवायला अंगण हवं. मी मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. शिवाय चार चाकं म्हणजे पडायची भीती नाही, हा माझा समजही खोटा निघाला. दुचाकीवरून आपण बाजूला फेकले जातो, ही मात्र उलटली की आपल्या अंगावर येऊ शकते. अमेरिकेत तीनचाकी एटीव्हीमुळे इतके अपघात झाले की १९८८ साली कंपन्यांना त्या नव्याने विकणं बंद करावं लागलं. असो. एटीव्हीचं भूत उतरलं, ट्रेलचं उतरलं नाही.

आता नागपुरात ट्रेल कुठली, असं पुण्यातली मित्रमंडळी विचारतात. त्यांना सह्याद्री आहे, आम्हाला पांदणी आहेत. पांदण म्हणजे दोन शेतांच्या मधून जाणारी बैलबंडीची वाट. दोन्ही बाजूंनी धुरे, बाभळी, मधेच नाला. रामटेकला खिंडसी तलावाच्या मागच्या बाजूला, पारशिवनीहून घोगरा महादेवकडे जाताना, उमरेड-भिवापूरकडे, कुठेही डांबरी रस्ता सोडा, की पांदण लागते. (जंगलात गाडी घालणारे वेगळे. पेंच किंवा कऱ्हांडल्याच्या हद्दीत बाईक नेणं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा.) उन्हाळ्यात पांदणीवर मुरूम आणि फुफाटा, पावसाळ्यात काळी माती. ही माती ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळत नाही. ती चाकाला नुसती लागत नाही, ती थरावर थर चढत जाते, आणि चाक नि मडगार्ड यांच्यात भरून चाकच जाम करते. पन्नास मीटरमध्ये मोटरसायकलचा नांगर होतो.

शोधाशोध करून शेवटी दोन गाड्या उरल्या. पहिली रॉयल एनफिल्ड हिमालयन, २०२० ची, ४११ सीसीची. हे मॉडेल २०१६ ला आलं आणि २०२३ च्या शेवटी ४५० आल्यावर थांबलं, त्यामुळे आता जुनीच मिळते. मालक एका बँकेतून रिटायर झालेले काका, गाडी लडाखला जाऊन आलेली, सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली. सव्वा लाख. दुसरी हिरो एक्सपल्स २००, तीही २०२० चीच. मालक हिंगण्याकडच्या कॉलेजात शिकणारा पोरगा. बिलं नाहीत, एक आरसा नाही, पंचाऐंशी हजार.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे साहजिकच एक्सेल शीट केली. हिमालयनचा टॉर्क ३२ न्यूटन-मीटर, एक्सपल्सच्या जवळपास दुप्पट. टाकी १५ लिटर विरुद्ध १३. हिमालयनची सीट सुमारे एक इंच खाली. जबलपूर रोडवर हिमालयन नव्वदने झोपाळ्यासारखी चालते, एक्सपल्स त्या स्पीडला ‘आता पुरे’ म्हणते. दोन्हींचं पुढचं चाक २१ इंची, मागचं हिमालयनला १७, एक्सपल्सला १८. ग्राउंड क्लिअरन्स दोन्हींचा २२०. वजनांना मार्क देऊन बेरीज केली. हिमालयन आठ मार्कांनी पुढे.

खरं सांगायचं तर ती बेरीज हिमालयनच जिंकावी म्हणून मीच जरा हात लावला होता. कारण शीटमध्ये एक ओळ होती : ‘बाबा मागे बसू शकतील का’.

बाबा कृषी खात्यात होते. माझं लहानपण भिवापूरला गेलं, आणि त्यांच्याकडे राजदूत होती. तीच फट-फट आवाजाची, टू-स्ट्रोक. मिरचीवर रोग पडला की लोक घरी यायचे आणि बाबा राजदूत काढून पांदणीला लागायचे. आता ते बहात्तर वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, आणि गेली दोन वर्षं म्हणतायत की एकदा तिकडे जाऊन येऊ. कारने नको म्हणतात. कार डांबरीवरच थांबते, तिथून पुढे काय पाहणार, असा त्यांचा प्रश्न. हिमालयनची मागची सीट रुंद, बसकी. एक्सपल्सच्या मागच्या सीटवर त्यांना चढवायचं म्हणजे स्टूलच न्यावं लागेल.

मी त्यांना शीट दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली आणि विचारलं, "यात वजन कुठे आहे?"

होतं, पण खाली होतं आणि मी त्याला फक्त पाच टक्के दिले होते. हिमालयन १९९ किलो, एक्सपल्स १५७. फरक बेचाळीस किलो, म्हणजे सिमेंटच्या पोत्याला आठ किलो कमी.

"पडली तर एकट्याने उचलशील काय?"

म्हटलं बाबा, मी पडायला थोडीच घेतोय. त्यावर ते काही बोलले नाहीत. पँटचा पाय वर केला आणि पोटरी दाखवली. तो डाग मी लहानपणापासून पाहत आलो आहे, वीतभर लांब, चकचकीत. आई सांगायची की गरम पाणी सांडलं होतं. ते पाणी नव्हतं. ऑगस्टमधली दुपार, पांदणीत चाक जाम झालं, राजदूत आडवी झाली आणि पाय सायलेन्सरखाली. वर गाडी, खाली चिखल, जोर लावायला टेकू नाही. दीड-दोन तासांनी एक गुराखी आला. "ओरडून उपयोग नव्हता," बाबा म्हणाले, "पाऊस होता." बस, एवढंच. बत्तीस वर्षांनंतर मला ही गोष्ट कळली, आणि तीही एका एक्सेल शीटमुळे.

माझ्या स्वतःच्या पाठीत एल-४, एल-५ चं प्रकरण आहे, हे इथल्या जुन्या वाचकांना माहीत आहे. रोज नऊ तास खुर्ची. आणि शनिवारी पहाटे पाचला माझ्याबरोबर निघणारं दुसरं कुणी नसतं, हेही माहीत आहे.

तर पुढच्या रविवारी मी जगातली सगळ्यात विचित्र टेस्ट राइड मागितली. काकांना म्हटलं, गाडी गवतावर आडवी करून उचलून बघू का? त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या मुलीबद्दल काही बोललो. नाही म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं. एका मित्राकडे तशीच हिमालयन आहे, त्याने मोठ्या मनाने दिली. यूट्यूबवर दाखवतात तसं केलं : इग्निशन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडल वळवून घेतलं, सीटला पाठ लावून खाली बसलो, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत गेलो. पहिल्यांदा अर्ध्यावर येऊन परत गेली. दुसऱ्यांदा उठली, पण कमरेतून अशी कळ गेली की मी दहा मिनिटं कट्ट्यावर बसून राहिलो. मित्र म्हणाला, हे गवतावर आहे, चिखलात काय करशील?

हिंगण्याच्या पोराला विचारायच्या आतच त्याने स्वतः एक्सपल्स धाडकन आडवी केली. "घ्या दादा, उचला. रोजच पडते." उठली. जड आहेच, फुलासारखी बिलकूल नाही, पण पाठ न बोलता उठली.

मग नंदनवनातल्या माझ्या मेकॅनिकला घेऊन गेलो. त्याने पुढचं चाक वर उचलून हँडल डावीकडे-उजवीकडे हलवलं, कोनसेटचा खटका तपासला, फोर्कच्या नळ्यांवरून बोट फिरवून तेल लागतं का पाहिलं, चेन मागच्या चकरीवरून ओढून बघितली. इंजिन थंड आहे ना हे हात लावून आधीच पाहून घेतलं, कारण विकणारे हमखास आधी गरम करून ठेवतात. निकाल : "हँडल वाकून आहे, चेन-सेट गेला, कोनसेट टाकावा लागन. गाडी पडेल हाय, पण इंजिनाले काही नाही झालं. घेऊन टाका." पुढचं मडगार्ड चाकापासून चांगलं वर आहे, हे त्याने न सांगताच दाखवलं. हिमालयनला वरची चोच आहेच, पण चाकाला बिलगून दुसरंही मडगार्ड आहे, आणि काळी माती नेमकी तिथेच घर करते.

अठ्ठ्याहत्तर हजारात सौदा झाला. फॉर्म २९, फॉर्म ३०, इन्शुरन्स नावावर, आणि आरटीओची दोन अर्धे दिवस सुट्टी. काकांना फोन करून नाही सांगितलं तेव्हा वाईट वाटलं. हायवेवर गेलो की अजून ती हिमालयन आठवते, उगाच कशाला खोटं बोलू. ज्याला पाठीमागे कुणाला बसवून लांब जायचंय, किंवा जो चौघांच्या ग्रुपमध्ये फिरतो, त्याने डोळे मिटून तीच घ्यावी.

बाबांची भिवापूरची फेरी अजून झालेली नाही. ते म्हणतात उन्हाळ्यात जाऊ, पांदण कोरडी असते, मी कारने डांबरीपर्यंत येतो, तिथून तू हळूहळू ने. स्टूल मी गाडीच्या डिकीत टाकून ठेवलंय :)

मागच्या शनिवारी खिंडसीच्या मागे पहिल्यांदा पडलो. नाल्याच्या चढावर, अगदी फालतू स्पीडला. आजूबाजूला एक टिटवी सोडून कुणी नाही. पाठ लावली, उचलली, बूट चिखलात रुतले, पण उठली. धापा टाकत आडव्या-उभ्या खुणांचा फोटो काढून बाबांना पाठवला. पाच मिनिटांनी उत्तर आलं, "कोणत्या बाजूला पडली? सायलेन्सर उजवीकडे आहे."