पाहिलं, ऐकलं, विचारायचं आहे

नरसी नामदेवमध्ये शाळेच्या वार्ताफलकावर बातमी चढते तेव्हा गावाला ती बहुतेक वेळा आधीच माहीत असते. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कयाधूला पाणी किती आलं, हिंगोलीची एसटी कुठं अडली, हे सगळं दुपारपर्यंत पारावर बोलून झालेलं असतं. मग तेच मुलांनी खडूनं पुन्हा कशाला लिहायचं, असं पालक विचारतात. शाळेत नव्यानं आलेले शिक्षकही विचारतात. गावात फिरणारी गोष्ट तीन-चार तोंडांतून आलेली असते आणि प्रत्येक तोंडानं तिला थोडं काही जोडलेलं असतं. त्यातलं नक्की किती घडलं हे शोधायचं आणि तेवढंच लिहायचं, हे काम मुलांना शिकवता येतं. वार्ताफलक मी त्यासाठी चालवते.

फलकाचे नियम सोपे आहेत. पांढऱ्या खडूनं लिहायचं ते लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे. ऐकलेलं पिवळ्या खडूनं लिहायचं आणि कुणाकडून ऐकलं ते त्याच ओळीत सांगायचं. ज्याला ना डोळ्यांचा आधार ना नावाचा, ते बातमीत घ्यायचं नाही. त्यासाठी फलकाच्या उजव्या कोपऱ्यात लाल खडूची चौकट आहे : ‘विचारायचं आहे’. त्या चौकटीतल्या प्रश्नाला कुणी हसत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर शोधून आणणाऱ्याचं नाव परिपाठात घेतलं जातं. पाचवीत नव्यानं आलेलं मूल सुरुवातीला सगळंच पांढऱ्या खडूनं लिहितं. मी एवढंच विचारते, ‘तू तिथं होतास का?’ काही आठवड्यांनी तेच मूल कुणी न सांगता हातातला पांढरा खडू खाली ठेवतं आणि पिवळा उचलतं. शिक्षक म्हणून मला सगळ्यांत जास्त समाधान देणारा क्षण तो.

सोमवारी परिपाठ झाला की आठवड्याचे बातमीदार ठरतात. कुणाकडे पाऊस, कुणाकडे पोषण आहार, कुणाकडे मैदान, कुणाकडे परसबाग, कुणाकडे गाव. पाऊस मोजायला प्लॅस्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक आहे. त्याच्या बाजूला पट्टी चिकटवलेली आहे आणि आकडा रोज ठरलेल्या वेळीच घ्यायचा असतो. ‘लई पाऊस झाला’ हे वाक्य आमच्या फलकावर चालत नाही. बाटलीत किती मिलिमीटर भरलं ते लिहायचं, आणि वडील म्हणाले की पेरणीला एवढा पुरे, तर ते पिवळ्या खडूनं. एकाच पावसाची अशी दोन वाक्यं झाली की मोजणं आणि मत यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

गावाकडच्या बातमीदारांना आमच्या गावात काम कमी पडत नाही. संत नामदेवांचं हे जन्मगाव. १२७० हे त्यांचं परंपरेनं मानलेलं जन्मवर्ष. पुढं ते उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले, आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यामुळे पंढरीच्या वारकऱ्यांबरोबर पंजाबातले शीख यात्रेकरूही इथं येतात. मुलं त्यांच्याशी हिंदीत बोलायला जातात. पहिल्या वेळी बहुतेक मुलं ‘आपको कैसा लगा?’ असं विचारून ‘बहुत अच्छा लगा’ एवढंच उत्तर घेऊन येतात. मग आम्ही वर्गात प्रश्न तयार करायला बसतो. घरून कधी निघालात? वाटेत कुठं मुक्काम केला? घरी कुणाला ठेवून आलात? असे प्रश्न घेऊन गेलं की यात्रेकरू मुलांना शेजारी बसवून घेतात आणि वही भरते. चांगल्या बातमीचं निम्मं काम प्रश्नातच झालेलं असतं.

या पद्धतीची खरी परीक्षा २०२४ च्या जुलैत झाली. त्या बुधवारी, १० जुलैला, सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी हिंगोली जिल्हा हादरला. भूकंप ४.५ तीव्रतेचा होता, केंद्र आपल्याच जिल्ह्यात होतं, आणि नांदेड-परभणीपर्यंत तो जाणवला. त्याच वर्षी २१ मार्चला पहाटे एवढ्याच तीव्रतेचा धक्का बसून गेला होता. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून येणारे गूढ आवाज कित्येक वर्षांपासून लोक ऐकत आले आहेत. त्यामुळे भीती जमिनीतच साठून राहिल्यासारखी होती.

त्या दिवशी मुलं शाळा भरायच्या आधीच आली आणि सगळी एकदम बोलत होती. ‘मॅडम, दहा मिनिटं हलायलं होतं.’ ‘मॅडम, तिकडच्या गल्लीत भिंत फाटली म्हणायलेत.’ ‘दुपारी याच्यापेक्षा मोठा येणार हाय, मोबाइलवर आलंय.’ लहान वर्गातली मुलं मोठ्यांचं हे ऐकून रडवेली झाली होती. आम्ही सगळ्यांना मैदानात, भिंतींपासून दूर बसवलं. परिपाठ तिथंच झाला. मग पाचवीपासून पुढच्या प्रत्येक मुलाच्या हातात कागद दिला आणि चार प्रश्न सांगितले : तू कुठं होतास, काय करत होतास, काय हललं, काय ऐकू आलं. दुसरं काही लिहायचं नाही.

लिहायला बसल्यावर गोंगाट थांबला. कुणी धार काढत होतं, कुणी हौदावर पाणी भरत होतं, कुणी झोपेत होतं. मांडणीवरची भांडी वाजली, पत्रे थरथरले, खाट सरकली. एका मुलीनं लिहिलं, ‘गोठ्यातली म्हैस आधी उभी राहिली, मग पत्रे वाजले.’ धक्का बसला ती वेळ कुणी सात म्हणे, कुणी साडेसात. सातवीतल्या एका मुलाचे आजोबा रोज आकाशवाणीचं छत्रपती संभाजीनगरहून येणारं ७.१० चं बातमीपत्र ऐकतात. धक्का बसला तेव्हा बातम्या सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, असं त्यानं सांगितलं, आणि वेळ मिळाली. राहिली ती ‘दहा मिनिटं’. ज्यानं ते लिहिलं त्याला मी मैदानात आडवं झोपायला सांगितलं. हलायला लागल्यावर काय केलंस ते पुन्हा करून दाखव, म्हटलं. तो उठला, धाकट्या बहिणीचा हात धरल्यासारखं केलं आणि पळत अंगणाइतक्या अंतरावर जाऊन उभा राहिला. तिथं पोचेपर्यंत जमीन थांबली होती, असं त्यालाच आठवलं. सगळ्यांनी मिळून मोजलं तर ते मोजके सेकंद भरले. त्यानं आपला कागद मागून घेतला आणि आकडा बदलला. त्याला कुणी खोटं पाडलं नव्हतं. भीतीत वेळ ताणला जातो, हे त्याला स्वतःच कळलं.

मधल्या सुट्टीत एका शिक्षकांबरोबर काही मुलं ती फाटलेली भिंत पाहून आली. तडा होता. पण घरातल्या मावशी म्हणाल्या की तो मागच्या पावसाळ्यातला आहे. फलकावर दोन ओळी आल्या. तडा आहे, ही पांढरी. तो मागच्या वर्षीचा आहे असं घरच्या मावशींनी सांगितलं, ही पिवळी.

मोबाइलवरचा निरोप लाल चौकटीत गेला : दुपारी मोठा धक्का येणार आहे का? त्याचं उत्तर मी दिलं. भूकंप अमुक दिवशी, अमुक वेळी येईल असं आधी सांगता येईल अशी विद्या जगात अजून कुणाकडे नाही, त्यामुळे असा निरोप कुणीही पाठवला तरी तो खरा धरायचा नाही. धक्का बसल्यावर काय करायचं ते मात्र माहीत आहे : आत असलो तर मजबूत टेबलाखाली डोकं झाकून बसायचं, खिडकी आणि कपाटापासून दूर राहायचं, थांबल्यावर मोकळ्यावर यायचं. एका मुलीनं हे उत्तर फलकावर लिहायला पिवळा खडू घेतला आणि शेवटी जोडलं, ‘असं मॅडमनी सांगितलं.’ तिनं ते स्वतः पाहिलं नव्हतं, तेव्हा शिक्षिकेचं बोलणंही तिच्या लेखी ऐकीव होतं. फलक सुरू केला तेव्हापासून मला मुलांना जे शिकवायचं होतं ते त्या एका ओळीत होतं. शिक्षकाचं, पुस्तकाचं, पुढाऱ्याचं, मोबाइलचं, सगळ्यांचं बोलणं ‘कुणी सांगितलं’ या खणात ठेवायचं आणि तपासता येईल तेव्हा तपासायचं. आदर ठेवूनही असं वागता येतं.

गुरुवारी मुलं आजी-आजोबांकडे किल्लारीची आठवण विचारायला गेली. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट मराठवाड्यातल्या त्या वयाच्या प्रत्येक माणसाला आठवते. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं आणि गावं उशिरा झोपली होती. तो भूकंप सहाच्या वरच्या तीव्रतेचा होता. तीव्रतेचा आकडा एकानं वाढला की बाहेर पडणारी शक्ती सुमारे ३२ पटींनी वाढते, हे फळ्यावर गुणाकार करून पाहिल्यावर साडेचार आणि सहा यांतलं अंतर मुलांना दिसलं. गणिताचा तो तास ठरवून असा रंगला नसता.

शुक्रवार संपादनाचा. आठवडाभराच्या बातम्यांतून कार्डशीटवर शनिवारचा अंक तयार होतो. त्यात सगळ्यांत जास्त वेळ भाषेवर जातो. मुलं वर्तमानपत्रं वाचतात आणि त्यातली वाक्यं उचलतात : कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला, मान्यवरांच्या शुभहस्ते उद्घाटन करण्यात आले. अशा वाक्यापुढं मी एकच प्रश्न लिहिते, ‘उत्साह कसा दिसला?’ मग कागदावर येतं की लेझीम संपली तरी चौथीची मुलं थांबायला तयार नव्हती. म्हशीच्या त्या वाक्याला मी हात लावला नाही. त्यात आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे आहे, आणि ते दुसऱ्या कुणालाही लिहिता आलं नसतं. शनिवारी परिपाठात अंकाचं वाचन झालं. आषाढी पुढच्या बुधवारी असल्यानं शाळेची दिंडीही त्याच दिवशी निघाली. टाळ-पखवाजाच्या मागं दोन बातमीदार वही घेऊन चालत होते.

या कामात मला वाट दाखवणारे दोन शिक्षक आहेत. एक साने गुरुजी. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हातानं लिहून काढत. ज्यांचं जग चार खोल्यांचं, त्यांच्यासाठी रोज ताजं पान लिहावं असं एका शिक्षकाला वाटलं, याचं मोल मला फार वाटतं. दुसरा फ्रान्समधला सेलेस्तँ फ्रेने. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यामुळे त्याला वर्गात फार वेळ बोलणं जमत नसे. त्यानं मुलांना गावात फिरवलं, त्यांच्याकडून लिहून घेतलं, आणि शाळेत हातयंत्र आणून मुलांचा मजकूर मुलांकडूनच छापून घेतला. ती पानं दुसऱ्या शाळेला पाठवली जात आणि तिकडची पानं इकडं येत. शिक्षक कमी बोलला की मुलं जास्त पाहतात, हे मी त्याच्याकडून घेतलं.

आणि तिसरं नाव आमच्या गावाचंच. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली तेव्हा नामदेव तिथं होते, असं परंपरा सांगते. त्यांनी ज्ञानदेवांचं चरित्र अभंगांतून सांगितलं, म्हणून त्यांना मराठीतले आद्य चरित्रकार म्हणतात. मुलांना मी हे देवळातल्या कीर्तनासारखं सांगत नाही. एवढंच म्हणते की या गावात जन्मलेल्या माणसानं आपल्या मित्राचं जाणं जवळून पाहिलं, रडत असतानाही ते टिपलं, आणि सातशे वर्षं महाराष्ट्र ते त्याच्या शब्दांत ऐकतो आहे. पाहिलेलं नीट सांगणं हा नरसीचा जुना वारसा आहे.

फलकावर काय घ्यायचं नाही हेही शिकवावं लागतं. घरातलं भांडण, कुणाच्या बापाचं दारू पिणं, कर्ज, एखाद्या मुलीबद्दलची कुजबूज, हे पाहिलेलं असलं तरी येत नाही. खरं असणं पुरेसं नाही, त्या माणसाला दुसऱ्या दिवशी मान वर करून शाळेसमोरून जाता आलं पाहिजे. दिवाळीनंतर काही मुलं आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि त्यांचे बाक रिकामे होतात. त्यांच्यासाठी अंकात एक चौकोन कायम राखलेला असतो. फडावरच्या कोपीतून एखादं मूल वडिलांच्या मोबाइलवरून फोन करतं आणि सांगतं : इथं बैल किती आहेत, पहाटे कितीला उठतो, धाकट्याला कुठं झोपवतो. ते पांढऱ्या खडूचं लिखाण आहे. त्याच्या नावापुढं आम्ही ‘आमचा बातमीदार’ लिहितो. परत आल्यावर ते मूल वर्गात पाहुण्यासारखं बसत नाही, कारण गैरहजेरीच्या काळातही त्याचं नाव फलकावर होतं.

वार्ताफलक प्रत्येक शाळेत आहे. पुष्कळ ठिकाणी त्यावर एक मूल सकाळच्या पेपरातला मथळा उतरवून काढतं आणि दिवसभर तो तसाच राहतो. माझं सहकाऱ्यांना कळकळीचं सांगणं आहे की तो पेपर बाजूला ठेवा आणि पांढऱ्या, पिवळ्या, लाल खडूचा एकेक तुकडा मुलांच्या हातात द्या. आजच्या मुलाला दिवसातून शंभर गोष्टी कुणीतरी सांगत असतं आणि त्यातल्या बऱ्याच घाबरवणाऱ्या किंवा भडकवणाऱ्या असतात. अशा वेळी थांबून ‘तू पाहिलंस का, कुणी सांगितलं?’ एवढं विचारणारं मूल आपल्या घराला, गल्लीला आणि गावाला सांभाळून नेईल. ते विचारण्याची सवय रोज दहा मिनिटांच्या परिपाठात लागू शकते. मी ती लागताना पाहिली आहे, म्हणून हे पांढऱ्या खडूनं लिहिते आहे.