बिळातली बोली

नाशिक

चि. मुक्ता,

सॅन फ्रान्सिस्कोहून तू पाठवलेली पक्ष्याची शीळ ऐकली. डोक्यावर काळे-पांढरे पट्टे म्हणतेस, म्हणजे तो व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो. बारा कोसांवर भाषा बदलते ती त्याचीही. तुमच्या खाडीच्या एका बाजूला बर्कलीत त्याची एक लकब, दुसऱ्या बाजूला मरीनमध्ये दुसरी. पीटर मार्लर आणि मिवाको तामुरा यांनी १९६४ मध्ये दाखवलं की पिल्लं ही बोली ऐकूनच शिकतात. पहिल्या दोनेक महिन्यांत जे कानावर पडेल ते मनात साठवायचं आणि पुढे कित्येक महिन्यांनी गायला लागायचं.

पण पक्ष्यांचं कौतुक फार झालं. मला खरं नवल वाटतं ते नेकेड मोल-रॅटचं. इथिओपिया, केनिया, सोमालियाच्या जमिनीखाली राहणारा हा जीव जेमतेम बोटाएवढा, अंगावर केस नावापुरते, डोळे जवळपास निकामी. रूप असं की फोटो बघून तू नाक मुरडशील. सत्तर-ऐंशी जणांचं खटलं, त्यात पिल्लं होणार फक्त राणीला. परका कुणी बिळात शिरला तर त्याची धडगत नाही. मग अंधारात आपला कोण, हे ओळखायचं कसं?

बर्लिनमधल्या ॲलिसन बार्कर, गॅरी लेविन आणि सहकाऱ्यांनी या प्राण्यांचे ३६ हजारांवर चिवचिवाट ध्वनिमुद्रित करून संगणकाकडून तपासून घेतले. २०२१ मध्ये त्यांनी सांगितलं की प्रत्येक वसाहतीची चिवचिव वेगळी असते, आणि आपल्या घरची ऐकू आली की हे प्राणी तिला जास्त उत्तरं देतात. पोरकी पिल्लं दुसऱ्या वसाहतीत नेऊन ठेवली, तर काही महिन्यांत ती तिथलंच बोलू लागली.

इथे मला दोघांमधला फरक दिसतो. तुझा पक्षी गातो तो आपली हद्द राखायला आणि मादीला बोलवायला. बिळात मात्र नर-मादी, लहानथोर सगळेच बोलतात, ‘मी इथलाच’ हे सांगायला. आणि ही बोली राणीच्या जिवावर टिकते. एका वसाहतीतली राणी गेली तेव्हा तिथली चिवचिव विस्कटली, ज्याची त्याची वेगळी होऊ लागली. नवी राणी स्थिरावल्यावरच ती पुन्हा एकसारखी झाली.

तुझी,
मावशी