पडद्याखालच्या दोन ओळी



आमच्या दांडिया बाजारातल्या घरी एक लोखंडी कपाट आहे. घरात येणाऱ्या नव्या माणसाला वाटतं दागिने असतील. उघडलं की निघतात इटालियन सिनेमे. ३१ व्हीएचएस कॅसेटी, १०६ डीव्हीडी, आणि एक जाड नोंदवही. कधी घेतली, कितीला पडली, किती मिनिटांची, सबटायटल नीट वाचता येतात की नाही, सगळे रकाने आखलेले. बीकॉम करून छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस दुसरं काय करणार!

वेड लागलं १९७२ साली. फिल्म सोसायटीच्या खेळाला सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर दे सीकाचा ‘बायसिकल थीव्हज’ पाहिला. १९४८ चा सिनेमा. रोममध्ये बेकार माणसाला पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते, पण अट अशी की सायकल हवी. आणि सायकल तर गहाण. बायको पलंगावरच्या चादरी काढते, धुते आणि गहाण ठेवायला नेते. तिथला कारकून ते गाठोडं घेऊन एका मांडणीवर चढतो. छतापर्यंत नुसत्या चादरीच चादरी! सगळ्या शहराच्या. पुढे सोनं तारण कर्जाच्या काउंटरवर मंगळसूत्र तोलताना मला ती मांडणी कितीदा तरी आठवली.

पहिली कॅसेट १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मावसभावाने आणली. तीच फिल्म. आणि चालेना! त्यांची एनटीएससी, आपली पाल. चित्र नुसतं गरगर फिरायचं. शेवटी मल्टिसिस्टिम व्हीसीआर घेतला, तेव्हा हिने महिनाभर धड बोलणं टाकलं होतं. त्या कॅसेटीवर नाव होतं ‘द बायसिकल थीफ’. एकच चोर. मूळ इटालियन नावात चोर अनेकवचनी आहेत, आणि शेवट पाहिलेल्यांना त्या अनेकवचनाची किंमत कळेल. नंतर आलेल्या डीव्हीडीवर ते बराबर छापलं होतं.

डीव्हीडीचं आणखी वेगळं. अमेरिकेचा रीजन एक, आपला पाच. एकीकडची तबकडी दुसरीकडे चालत नाही. रीजन-फ्री प्लेअर आणला. मग नोंदवहीत हिशेब जुळेना: एकच सिनेमा अमेरिकन डिस्कवर १०० मिनिटं, तर युरोपातल्या डिस्कवर ९६. कुणी चार मिनिटं कापली? कापलं काही नव्हतं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, पाल पद्धतीत २५ पळतात. चार टक्के वेग. दोन दिवस त्या फरकाच्या मागे होतो, सापडला तेव्हा खरंच बरं वाटलं. सबटायटलचे तर नमुनेच. जुन्या प्रिंटवर पांढरी अक्षरं, मागे पांढरी भिंत किंवा पांढरा शर्ट, की वाक्य गेलं.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं मी एकट्याने पाहिलेलं नाही. शनिवारी रात्री जेवणं आटोपली की झोपाळा टीव्हीकडे वळवायचा आणि दोघांनी बघायचं. हिचं इंग्रजी बेताचं, पण त्या दोन ओळी वाचण्यापुरतं या सिनेमांनीच शिकवलं. २०२१ मध्ये मधुमेहाने तिच्या डोळ्यांचा पडदा गेला. दोन्ही डोळ्यांचा. हालचाल दिसते, चेहरा जवळून कळतो, अक्षर नाही. एकशे सदतीस सिनेमे कपाटात आणि तिच्यासाठी सगळे मुके झाले.

मुलगा म्हणाला, “बाबा, इंग्लिश डबिंगवाले आणून देतो.” एक लावून पाहिला. पाचव्या मिनिटाला ही म्हणाली, “अहो, बंद करा. ही माणसं ती नाहीत.” आता गंमत अशी की त्या काळी इटलीतही आवाज बहुधा नंतर स्टुडिओत भरायचे. ‘ला स्त्रादा’त अँथनी क्विनच्या तोंडचा आवाज दुसऱ्याच इटालियन नटाचा आहे. पण हिला मी ते सांगत बसलो नाही. तिला तो सूर हवा होता, एवढंच.

मग बँकेच्या जुन्या कोऱ्या डायऱ्या काढल्या आणि एकेक सिनेमा थांबवून थांबवून मराठीत उतरवायला लागलो. शनिवारी मी वाचतो, ती ऐकते. पहिला घेतला ‘उंबेर्तो डी’, १९५२ चा. सरकारी खात्यातून निवृत्त झालेला म्हातारा, पेन्शन पुरत नाही, भाडं थकलेलं, सोबतीला एक कुत्रा. सुरुवातच पेन्शनरांच्या मोर्चाने होते! आपल्यातले बँक पेन्शनर काय ते समजून घेतील. त्यात तो भीक मागायला हात पुढे करतो, कुणी पैसे द्यायला थांबताच तळवा उलटा करतो, जणू पाऊस पडतोय का बघतोय. त्या जागी एकही संवाद नाही. काय वाचणार? मी नुसतं म्हणालो, “हात उलटा केला.” ही म्हणाली, “दिसला मला.” दिसला की आठवला, मी विचारलं नाही.

मराठी करताना एक लक्षात आलं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. इटालियनमध्ये आपल्यासारखंच, जवळच्याला एक आणि मान द्यायचा तर दुसरं. घरातली मोलकरीण पोरगी त्याला ‘सिन्योर उंबेर्तो’ म्हणते. मी आधी ‘साहेब’ लिहिलं. ही म्हणाली, “साहेब कसला, तिची सगळी सुखदुःखं ती त्यालाच सांगते ना? काका लिहा.” तेव्हापासून आमच्याकडे ते उंबेर्तोकाका.

अकरा झाले. सध्या एर्मान्नो ओल्मीचा ‘इल पोस्तो’ चालू आहे, १९६१ चा. मिलानच्या मोठ्या कंपनीत नोकरीला लागणारा पोरगा. एक कारकून मरतो, त्याचं टेबल रिकामं होतं आणि मागच्या सगळ्यांची एकेक टेबल पुढे सरकायची घाई. ज्याने ज्याने ट्रान्सफर लिस्ट लावलेली पाहिली आहे त्याने हा बघावाच.

पण वेग कमी पडतोय. एका सिनेमाला मला तीन आठवडे लागतात, आणि तासाभराने आवाज बसतो. अजून एकशे सव्वीस आहेत. मी चौऱ्याहत्तरचा, ही एकाहत्तरची. हिशेब मांडून पाहिला, सात वर्षांच्या वर जातो. म्हणून हिनेच क्रम लावून दिलाय, आधी तिचे आवडते पंचवीस.

त्यातले सहा फक्त व्हीएचएसवर आहेत, आणि आमचा व्हीसीआर गेल्या पावसाळ्यात गेला. वडोदऱ्यात कुणाकडे चालू मल्टिसिस्टिम व्हीसीआर असेल तर कळवा. मी येऊन घेऊन जाईन, काम झालं की परत आणून देईन. कॅसेटींना बुरशी धरू नये म्हणून त्या दर दिवाळीला वाऱ्यावर ठेवतो, तुमचं मशीन खराब होणार नाही.