पदवीनंतरचे सहा महिने

भाचीचं आहारशास्त्रातलं एमएस्सी झालं आणि नातेवाइकांनी निकाहचा विषय काढला. तिला मात्र रजिस्टर्ड डायटिशियन व्हायचंय. त्यासाठी इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा, आणि त्याआधी रुग्णालयातली इंटर्नशिप. तिची सहा महिन्यांची आहे, विनावेतन. "एवढं शिकून फुकट राबायचं?" असं सगळेच विचारतात.

बीएडला आम्हीही सराव पाठ घेतले होते. वर्गात उभं राहिल्याशिवाय कुणी शिक्षक होत नाही, हे तिथेच कळलं.

वॉर्डात तिला डायलिसिसवरची एक खाला भेटली. छापील आहारतक्त्यात पोहे, उपमा, वरण-भात. खालाच्या घरी सालन-भाकरी आणि इफ्तारला खजूर. खजुरात पोटॅशियम भरपूर, मूत्रपिंड निकामी झालेल्याला ते धोक्याचं. भाचीने "खजूर बंद" एवढंच लिहून दिलं नाही. खालाशी आपल्या बोलीत बोलून, रोज काय शिजतं ते विचारून, वरिष्ठांना दाखवून नवा तक्ता केला.

2021च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांना आरोग्यसेवा व्यावसायिकांत धरलंय. आपल्या घरांनीही धरावं. आपल्या मोहल्ल्यांत मधुमेह घरोघरी आहे. आपलं ताट ओळखणारी मुलगी वॉर्डात असणं ही आपलीच गरज आहे. निकाह सहा महिने थांबू शकतो.