सणाच्या आदल्या दुपारी

नखं कापायला वार कशाला पाहायचा, असं मी वर्षानुवर्षं ठामपणे म्हणत आलो. आमच्या भंडारा जिल्ह्यात शनिवारी नखं काढायची नाहीत, केस कापायचे नाहीत, असं मोठी माणसं सांगत. कारण विचारलं की शनीचं नाव पुढे यायचं. मला ते कधीच पटलं नाही. पुढे धर्माने शरीराच्या निगेसाठी घातलेला प्रत्येक नियम मी त्याच रांगेत बसवला. ज्यू धर्मात शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आधी शुक्रवारी नखं कापायची आणि न्हायची शिस्त आहे हे वाचलं, तेव्हाही माझं मत तेच होतं. आज ते तसं राहिलेलं नाही. हा बदल कसा झाला ते मांडावंसं वाटतं.

आम्ही तेली. आजोबांच्या काळापर्यंत घरी घाणा होता. विदर्भात तेल्यांना एकबैले आणि दोनबैले म्हणत, ते घाण्याला जुंपलेल्या बैलांवरून. त्यामुळे कोकणातल्या शनिवार तेल्यांविषयी वाचायला लागलो ते घरच्या ओढीने. हे बेने इस्रायल, म्हणजे अलिबाग, पेण, रेवदंडा या भागातले मराठी ज्यू. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या आणि आपण त्यांचे वंशज, असं त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा त्यांनी धरला, पण शनिवारी घाणा बंद ठेवला. शेजारचे सोमवारी घाणा थांबवणारे ते सोमवार तेली. ग्रंथ हाती राहिले नाहीत, हिब्रू मागे पडली, घरात मराठी आली, तरी शनिवार सुटला नाही. मुंबईत सॅम्युएल इझेकिएल दिवेकरांनी त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधलं ते १७९६ साली. त्याआधी कित्येक पिढ्या हा दिवस घराघरांतूनच पाळला गेला. धर्मशास्त्राचे बारीक तपशील त्यांच्यापर्यंत नंतर, बाहेरून आलेल्या शिक्षकांकडून पोहोचले.

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो. म्हणजे सगळी तयारी दिवसाउजेडीच उरकायची. घाण्यावर राबणाऱ्यासाठी ही तयारी म्हणजे काय, हे आमच्या घराला सांगावं लागत नाही. पेंडीचा वास कातडीत मुरतो आणि नखांत काळा थर बसतो. तो घालवायला कढत पाणी लागतं, आणि त्याहून जास्त लागते सवड.

योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरूख’ हा ज्यू धर्मशास्त्राचा प्रमाणग्रंथ १५६५ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यात शुक्रवारच्या तयारीसाठी वेगळं प्रकरण आहे. गरम पाण्याने सर्वांग धुवावं, ते जमत नसेल तर निदान तोंड, हात, पाय धुवावेत, डोकं न्हावं, नखं कापावीत. हे आदल्या दिवशीच का, तर शब्बाथला केस किंवा नखं कापणं हेही कामच धरलं आहे. निषिद्ध कामांच्या ३९ प्रकारांत मेंढीची लोकर कातरणं येतं आणि माणसाचे केस-नखं त्याच सदरात मोडतात. स्वतःच्या अंगाची निगा हेसुद्धा श्रम आहेत आणि त्या श्रमांनाही वेळ राखून ठेवायला हवा, असं मानणारा हा विचार आहे. शनीच्या भीतीचा इथे मागमूस नाही.

तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात रब्बी, म्हणजे धर्मगुरू, येहुदा बार इलाई यांचं वर्णन आहे. शुक्रवारी त्यांच्यापुढे गरम पाण्याचं घंगाळ येई. ते तोंड, हात, पाय धूत आणि तागाचं वस्त्र पांघरून बसत, तेव्हा देवदूतासारखे दिसत. हिलेल या गुरूंची कथा आणखी स्पष्ट आहे. ते स्नानाला निघाले आणि शिष्यांना म्हणाले, पुण्यकर्म करायला चाललो आहे. राजाचे पुतळे घासूनपुसून ठेवणाऱ्याला मान मिळतो, मग देवाच्या प्रतिमेत घडलेल्या माणसाने आपला देह धुणं ही पूजाच नव्हे का, असा त्यांचा सवाल होता.

मला खऱ्या अर्थाने हलवलं ते सणांच्या नियमाने. वल्हांडण आणि मांडवांचा सण कित्येक दिवस चालतात. त्यांच्या मधल्या दिवसांत केस कापायला मनाई आहे, म्हणजे लोक आधीच कापून घेतील आणि पारोसे सणात शिरणार नाहीत. पण मिश्नाने, म्हणजे तालमूदच्या मुळाशी असलेल्या नियमसंग्रहाने, सूट ठेवली आहे. जो समुद्रापारहून आला, कैदेतून सुटला, तुरुंगातून बाहेर पडला, त्याने सणातही केस कापावेत. ज्याचा वेळ त्याच्या हातातच नव्हता, त्याला दोष नाही. नियम करणाऱ्यांनी बंदिवानाची इतकी आठवण ठेवली होती. नव्या वर्षाच्या सणाबद्दलही असंच. तो न्यायनिवाड्याचा दिवस. आरोपी काळे कपडे घालून, दाढी वाढवून उभा राहतो, पण हे लोक पांढरं नेसून, दाढी-नखं नीट करून जातात, कारण त्यांचा देवाच्या दयेवर विश्वास आहे.

सगळंच मी स्वीकारलेलं नाही. नखं कोणत्या क्रमाने काढायची, कापलेलं नख गर्भवतीच्या पायाखाली आलं तर काय होतं, या समजुती मला आजही मान्य नाहीत. बोटांचा क्रम तर काही थोर रब्बींनीही मानला नाही. आणि शुक्रवारची चूल, पाणी, धुणं बाईच्याच अंगावर पडत असेल, तर तिची सवड कुठली, हा प्रश्नही मी सोडत नाही.

पण मुख्य गोष्ट उमगली, आणि ती आमच्या मुलखातही होती हे लक्षात आलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होते. बैलांना धुतात, जुवाने सोललेले खांदे तूप-हळद लावून शेकतात, उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. दुसऱ्या दिवशी बैल जुंपत नाहीत. बायबलच्या आज्ञेतही शब्बाथची विश्रांती घरधन्याबरोबर नोकराला आणि बैलालाही आहे. बैलाच्या खांद्याला आम्ही आदला दिवस दिला. माणसाच्या खांद्याला दिला का?

माझी लहानशी राईस मिल आहे. दिवाळीला मी सुट्टी देत होतो, पण आदल्या रात्री उशिरापर्यंत पोती हलत. हमाल तुसाने माखून घरी जायचे आणि पहाटे अभ्यंगस्नानाला उठायचे. सण आहे, सुट्टी आहे, आणखी काय हवं, असं मला वाटायचं. आता दिवाळी, पोळा, ईद, धम्मचक्र प्रवर्तन दिन या सगळ्यांच्या आदल्या दिवशी मिल दुपारीच बंद होते आणि मजुरी पूर्ण दिवसाची मिळते. नुसत्या सुट्टीने माणूस त्या दिवशी कामावर येत नाही, एवढंच होतं. सणाला तो उजळ अंगाने उभा राहावा असं वाटत असेल, तर न्हाण्या-दाढीचा वेळ त्याला कामाच्या तासांतूनच द्यावा लागतो. तो देणं हा माझा उपकार नाही, त्याचा हक्क आहे. माझ्यासारखे जिल्ह्यातले इतर मिलवाले, दुकानदार, कंत्राटदार यांनीही तो मानावा, एवढंच माझं मागणं आहे.